दिसत नसलेल्या लेकरासाठी गाडीतले खेळ

नांदेडहून संभाजीनगर म्हणजे चार-पाच तास, लेकरू नुसतं किती बसणार. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण घ्या (स्टीलचं असलं तर आधी लोहचुंबक लावून बघा, सगळ्याला चिकटत नाही), त्यावर फेविकॉलनं सुतळी चिकटवून फुली-गोळ्याची नऊ घरं पाडा अन् रात्रभर वाळू द्या. सोंगट्या म्हणून छोटे लोहचुंबक, पाचांवर चिंधी चिकटवायची, पाच तसेच, म्हंजे बोट फिरवलं की कुणाची कोणती कळतं आणि गाडी हलली तरी सरकत नाहीत. चिंचोके नका घेऊ, सगळे सीटखाली जातात. पत्त्यांच्या कोपऱ्यात सुईनं ब्रेल उठवता येतं, फक्त मागून टोचताना अक्षर आरशात दिसतं तसं, डावं-उजवं उलटं टोचायचं. आपली चाल तोंडानं सांगा, "मधल्या घरात ठेवली", पण त्याचा हात धरून फिरवू नका, शोधू द्या की त्याला! कंटाळला तर पूर्णा, परभणी, सेलू, जालना, पुढचं स्टेशन कोणतं ते त्यालाच विचारा.