नाटकांची जुनी जाहिरात-पोस्टकार्डं : या चुका टाळा

देवळाली कॅम्पातल्या एखाद्या जुन्या बंगल्याच्या सामानात किंवा रद्दीच्या गठ्ठ्यात शंभर वर्षांपूर्वीची इंग्रजी विनोदी नाटकांची पोस्टकार्डं सापडली, तर आधी ती उलटी करून पाहा. बहुतेक जण चित्रावरच भुलतात. लिली एल्सीसारख्या नट्यांची फोटोकार्डं तेव्हा दुकानात विकत मिळत. जाहिरातीचं कार्ड वेगळं. दौऱ्यावरच्या नाटकाचं रंगीत चित्र आधीच छापलेलं असे आणि गावोगावच्या थिएटरचं नाव, वार, तारीख त्यावर नंतर छापत. ही ओळ कार्डाचा जीव आहे. डाग समजून ती खोडरबरने घासू नका.

नाटक पहिल्यांदा आलं ते साल कार्डावर चिकटवून मोकळं होणं, ही दुसरी चूक. आपली ‘मोरूची मावशी’ ज्यावरून आली ते ‘चार्लीज आंट’ १८९२चं, पण त्याचे दौरे पुढे कित्येक वर्षं चालू होते. अशा कार्डावर बहुधा साल नसतंच. ‘सोमवार, ९ मार्च’ एवढंच असतं. तेवढंही पुरतं. ९ मार्चला सोमवार १९०३, १९०८ आणि १९१४ साली होता. आता टपालाचं तिकीट बघा. पंचम जॉर्जचं असेल, तर पहिली दोन सालं बाद, कारण तो गादीवर आला १९१० साली. ब्रिटनमध्ये अर्ध्या पेनीत कार्ड जाण्याची सोय जून १९१८ मध्ये संपली, हाही एक धागा. म्हणून तिकीट सोडवून वेगळं विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. तिकीट गेलं, की शिक्का अर्धा जातो आणि सालही जातं.

नकली कार्ड ओळखायला दहापट भिंग घ्या. खऱ्या ब्रोमाइड फोटोत, म्हणजे छापखान्यात न छापता फोटोच्या कागदावर काढलेल्या प्रतीत, ठिपके दिसत नाहीत, छटा सलग असतात. पण ठिपके दिसले म्हणून लगेच नकली ठरवू नका. त्या काळीही ठिपक्यांची छपाई होती.

अल्बमच्या काळ्या पानाला चिकटलेलं कार्ड पाण्यात भिजवू नका. शाई फुटते, पाठीचा पापुद्रा निघतो. कार्डाभोवतीचं पान कात्रीने कापा आणि ते तसंच राहू द्या. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी तर अजिबात नको.

नाशिकच्या पावसाळ्यात फोटोकार्डांवरचा जिलेटिनचा थर दमट होऊन ती एकमेकांना चिकटतात. ओढून सोडवाल तर एकीचा चेहरा दुसरीच्या पाठीवर जाईल. ते काम कागद-जतनाच्या जाणकाराकडेच द्या. उन्हात वाळवू नका, हाताने भरलेले रंग उडतात. प्रत्येक कार्ड पॉलिएस्टरच्या वेगळ्या पाकिटात ठेवा. पीव्हीसीचं पाकीट कालांतराने चिकट होतं. डबा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. नोंदी लिहायच्या त्या पाकिटावर, कार्ड आत सरकवण्याआधी.