पद्मिनी झटके खाते? कार्बोरेटर सर्वांत शेवटी उघडा

प्रीमियर पद्मिनी असो की तिच्या आधीची फियाट ११०० डिलाइट, १०८९ सीसीचं ते इंजिन मिसिंग करायला, म्हणजे मध्येमध्ये ठोका चुकवायला लागलं की मिस्त्रीचा हात थेट कार्बोरेटरकडे, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाकडे जातो. तो तिथेच थांबवा. पेट्रोल ज्या वाटेनं येतं त्याच वाटेनं, टाकीपासून तपासत या.

त्याआधी स्पार्क पाहा. गरम झाल्यावर बंद पडणारी आणि गार झाल्यावर मुकाट सुरू होणारी गाडी पुष्कळदा कंडेन्सरमुळे किंवा कॉइलमुळे, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या भागांमुळे अडते. बंद पडल्या पडल्या ठिणगी निळी, जोरदार दिसली, तरच पेट्रोलकडे वळा.

काही किलोमीटर धावून गाडी थांबत असेल तर टाकीचं झाकण उघडा. ‘सुस्स’ करून हवा आत गेली आणि गाडी सुरू झाली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. काम दोन मिनिटांचं, पण यापायी कितीतरी चांगले पंप बदलले जातात.

आता पंप. इंजिन गार असू द्या, विडी-सिगारेट लांब. कॉइलची बारीक वायर काढा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. कार्बोरेटरला येणारा पाइप बाटलीत सोडून सेल्फ मारा. पेट्रोल पिचकारीसारखं, ठोक्याठोक्यानं आलं पाहिजे. नुसतं ओघळत असेल तर आधी टाकी आणि पंप यांच्यामधला रबरी पाइप तपासा. तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असल्यामुळे चिरला तरी इंजिन चालू असताना थेंब गळत नाही. उलट हवा आत ओढली जाते आणि दोष पंपावर येतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोलनं जुनं रबर लवकर खराब होतं, म्हणून इथेनॉलला टिकणारा पाइपच घाला. पाइप ठीक असेल तर पंपातली जाळी, मग डायफ्रॅम, म्हणजे पेट्रोल ओढणारा पंपातला पडदा. ऑइलच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर डायफ्रॅम फाटलाय असं धरा. इंजिन अजिबात चालवू नका. डायफ्रॅम आणि ऑइल दोन्ही बदला.

पेट्रोल नीट येतंय, तरी आयडलिंग, म्हणजे रेस न देता इंजिन चालू राहणं, टिकत नाही? मग कार्बोरेटरखालचं पॅकिंग हवा घेत असेल. इंजिन चालू ठेवून त्या जोडावर साबणाच्या पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज क्षणभर बदलला तर गळती तिथेच. नट आवळून आवळून फ्लँज, म्हणजे कार्बोरेटरचा जोडावर बसणारा सपाट तळ, वाकलेला असतो, त्यामुळे नवं पॅकिंगही टिकत नाही. जाड काचेवर बारीक एमरी पेपर ठेवून फ्लँज सपाट घासा, मग नट आळीपाळीनं, बेतानं आवळा.

एवढं झाल्यावर कार्बोरेटर. आयडलिंगला बंद, पण रेस दिली की चालते: आयडल जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी भाग) चोंदला. रेसला दम लागतो, कार्बोरेटरमधून खोकते: मेन जेट चोंदला. पेट्रोल ओसंडतंय: पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह किंवा भोक पडलेला फ्लोट (तो व्हॉल्व्ह बंद करणारा तरंगता डबा), काढून हलवला की आत पेट्रोल वाजतं. जेटमध्ये तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की मायलेज गेलंच. हवेच्या प्रेशरनं साफ करा.

मिक्स्चर स्क्रू (आयडलिंगचं मिश्रण ठरवणारा) हलक्या हातानं टेकेपर्यंत आत घ्या आणि साधारण दीड फेरा बाहेर काढा. पुढची बारीक जुळणी इंजिन पूर्ण गरम झाल्यावर करा, आणि चोकचा (गार इंजिन सुरू करताना मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवणाऱ्या झडपेचा) दांडा खरोखर मागे बसलाय का ते बोनेटखाली डोळ्यांनी पाहा. गंजलेली केबल तो अर्धवटच सोडते.