जुन्या मोटारीचे इंजिन घरी उघडताना आणि जोडताना

इंजिन स्टँडवर चढवण्यापूर्वी त्यातील ऑइल आणि कूलंट पूर्ण काढून घ्यावे. सिलिंडर हेडचे (सिलिंडरवरील झाकणाचे) बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडेथोडे सैल करावेत. घाई केल्यास हेड वाकण्याचा धोका असतो.

खरी काळजी लागते ती खालच्या भागात. मेन बेअरिंगच्या (क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या) व कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला त्या दांड्याशी जोडणाऱ्या) कॅप, म्हणजे बोल्टने बसणारे अर्धगोल तुकडे, त्यांच्या जागी घट्ट बसवूनच त्यांची भोके अंतिम मापाला आणलेली असतात, त्यामुळे प्रत्येक कॅपवर क्रमांक आणि दिशा यांची खूण केल्याशिवाय एकही बोल्ट सोडू नये. अदलाबदल झालेली कॅप वरवर नीट बसल्यासारखी दिसते, हीच त्यातली फसवी बाब.

क्रँकशाफ्टचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे गुळगुळीत भाग, मायक्रोमीटरने दोन काटकोनी दिशांनी मोजावेत, म्हणजे ते लंबगोल झिजले आहेत का ते कळते. नवीन बेअरिंगची फट तपासण्यासाठी कोरड्या जर्नलवर प्लास्टिगेज (दाबून किती पसरली यावरून फट दाखवणारी मऊ प्लास्टिकची तार) ठेवून कॅप ठरलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळावी आणि त्या वेळी क्रँक मुळीच फिरवू नये. ही फट सामान्यतः ०.०२५ ते ०.०७५ मिमी असते, तरी त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधील आकडाच अंतिम मानावा.

हेडचे बोल्ट मध्याकडून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळावेत. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि सपाट टॅपेट (त्यावर घासत चालणारे सपाट तळाचे भाग) नवे असल्यास, आधी ऑइलचा दाब तयार करून, इंजिन सुरू होताच सुमारे २० मिनिटे २,००० आरपीएमच्या आसपास चालवावे. आयडलवर सोडू नये.