ट्यूब प्रीअँपची घूं घूं: दोष अर्थिंगच्या खड्ड्यात निघाला

लक्षण: ईसीसी८३ ट्यूबचा (काचेच्या व्हॉल्व्हचा) प्रीअँप, म्हणजे मुख्य अँप्लिफायरच्या आधी आवाजाचा सिग्नल वाढवणारा डबा, लावला की दोन्ही स्पीकरमधून एकसारखी घूं घूं. आलापात तानपुरा त्याखाली बुडायचा. प्रीअँपच्या धातूच्या डब्याला बोट टेकलं की गुणगुण कमी व्हायची, बोटाला किंचित झिणझिण्याही यायच्या. पावसाळ्यात सगळं शांत, नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) सर्वात जास्त.

ट्यूब बदलल्या, केबल बदलल्या, ट्रान्सफॉर्मर दूर ठेवून पाहिला. दोन उन्हाळे यातच गेले, फार चिडचिड झाली.

शेवटी सॉकेटवर मल्टिमीटर लावला. न्यूट्रल आणि अर्थमध्ये ४१ व्होल्ट! तिथे एक-दोनच हवेत. म्हणजे अर्थिंग नीट नव्हतं. अंगणात जाऊन अर्थिंगचा खड्डा पाहिला. आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते. अर्थिंगच्या पाइपाभोवती बोट जाईल एवढी भेग पडली होती. पाइप मातीला टेकतच नव्हता.

आधी मेन स्विच बंद केला. क्लॅम्प सोडवून पॉलिश पेपरने गंज घासला, तांब्याची तार चकचकीत केली, नट घट्ट आवळला. भेगेत कोळसा आणि खडे मीठ ठासलं, मग दोन बादल्या पाणी हळूहळू मुरवलं. सकाळी मीटरवर दीड व्होल्ट. प्रीअँप तीन पिनांच्या सॉकेटला लावला, घूं घूं गेली. आता होळीपासून दर आठवड्याला एक बादली पाणी टाकतो.

झिणझिण्या येत असतील तर डब्याला पुन्हा हात लावू नका. मीटर हाताळता येत नसेल तर वायरमन बोलवा.