पलटणीत रुजू होणाऱ्या नव्या साहेबांसाठी

डेहराडूनच्या किंवा चेन्नईच्या अकादमीतून खांद्यावर दोन तारे लावून जो तरुण पलटणीत येतो, त्याचा वार्षिक गोपनीय अहवाल त्याचे वरिष्ठ पुढे यथावकाश लिहितात. परंतु त्याच्या कितीतरी आधी, साधारण महिनाभरातच, बराकीत त्याचा एक अहवाल तोंडी तयार झालेला असतो. मी २८ वर्षे नोकरी करून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि असे अनेक अहवाल तयार होताना ऐकले, काहींत भरही घातली. जवान साहेबांचे शौर्य फार उशिरा पाहतो, कारण तशी वेळ रोज येत नाही; रजेचा अर्ज, लंगरमधले (जवानांच्या स्वयंपाकघरातले) जेवण आणि चुकलेल्या माणसाला दिलेली शिक्षा मात्र तो रोज पाहतो, आणि साहेब चांगला की वाईट हे त्याच्या दृष्टीने तिथेच ठरते.

बऱ्याच पलटणींत नव्या अधिकाऱ्याला सुरुवातीचे काही आठवडे जवानांबरोबर बराकीत राहावे लागते. हा काळ कसाबसा उरकून अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये पळण्याचा नाही. प्लाटूनमध्ये तीस-पस्तीस माणसे असतात. एक छोटी वही करून त्यात प्रत्येकाचे नाव, गाव, घरी कोण आहे, कोण आजारी आहे, मुले कोणत्या इयत्तेत आहेत, जमिनीचा दावा चालू आहे का आणि मागची रजा केव्हा झाली, हे लिहून ठेवावे. मात्र माणसाच्या समोर वही उघडू नये. आधी नीट ऐकावे आणि खोलीवर जाऊन लिहावे. जवानांची भाषा शिकावी. मराठा पलटणीत आलेले केरळचे किंवा पंजाबचे अधिकारी वर्षभरात बरी मराठी बोलू लागतात, तसेच आपल्याकडचा मुलगा मद्रास किंवा गढवाल रेजिमेंटमध्ये गेला तर त्यालाही तिथली भाषा आलीच पाहिजे. पुष्कळजण आधी शिव्या शिकतात. त्यातही काही वावगे नाही, पण शिक्षण तेवढ्यावर थांबू नये.

प्लाटूनच्या जेसीओंना, म्हणजे शिपायापासून वर चढलेल्या नायब सुभेदार-सुभेदारांना, ‘साहेब’ म्हणावे आणि त्यांचा हुकूम जवानांसमोर कधीही फिरवू नये. त्यांचा अनुभव तुमच्या वयाएवढा असतो, म्हणून विचारून घ्यावे. पण निर्णय तुमचा आहे हेही विसरू नये. काही अधिकारी जेसीओंना विचारतच नाहीत आणि काही सगळे त्यांच्यावर सोडून देतात; मला विचाराल तर दुसरा प्रकार अधिक वाईट, कारण त्यात काम बिघडले की ‘सुभेदार साहेबांनी सांगितले होते’ हे वाक्य तयार असते.

आता रजेविषयी थोडे सविस्तर सांगतो. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते, पण सगळ्यांना पेरणीलाच किंवा गणपतीलाच सोडता येत नाही, हे त्यालाही कळते. त्यामुळे नकार दिला म्हणून कोणी साहेबाला वाईट म्हणत नाही. आमच्या कंपनीत एका शिपायाचे वडील रुग्णालयात होते. त्याचा अर्ज कॅप्टन साहेबांच्या टेबलावर, फायरिंग स्पर्धेच्या कागदांखाली, नऊ दिवस पडून राहिला. साहेब दुष्ट नव्हते, आळशीही नव्हते. स्पर्धेच्या धावपळीत विसरले, एवढेच. पोरगा गावी पोचला तेव्हा दहावा झाला होता. परत आल्यावर त्याने तक्रार केली नाही, सलामही पूर्वीसारखाच कडक ठोकला. पण त्या दिवसानंतर कंपनीतल्या कोणीही त्या साहेबांना विचारल्यापेक्षा एक शब्द जास्त सांगितला नाही. आपल्याला शिक्षा झाली आहे, हे त्यांना बहुधा कळलेही नसेल.

म्हणून अर्ज आला त्याच दिवशी वाचावा. मंजूर होण्यासारखा असेल तर वर पाठवून कंपनी कमांडरांना तोंडीही आठवण द्यावी, आणि नकार द्यायचा असेल तर हवालदाराकरवी निरोप न पाठवता त्या माणसाला स्वतः बोलावून कारण सांगावे व कोणत्या तारखेनंतर जाता येईल तेही सांगावे. आमचे एक मेजर साहेब अर्ज हातात घेऊन आधी विचारायचे, “गाडी कोणती धरणार?” त्या एका प्रश्नाने अर्धे काम होत असे.

शिक्षा करताना एकाच्या चुकीसाठी सगळ्या प्लाटूनला पळवू नये. हवालदाराला त्याच्या हाताखालच्या पोरांसमोर झापू नये. बाजूला घेऊन हवे तेवढे बोलावे. हात तर कधीच उगारू नये, कारण हाताखालच्या माणसाला मारणे हा लष्करी कायदा १९५०च्या कलम ४७ प्रमाणे गुन्हा आहे. कडक साहेब जवानाला चालतो, बहुतेकदा आवडतोही. आज हसून सोडणारा आणि उद्या त्याच चुकीला रिपोर्टवर घेणारा मात्र चालत नाही. सहायकाला, म्हणजे मदतीला दिलेल्या जवानाला, आपल्या बायकोच्या बाजारहाटासाठी पाठवणाऱ्याविषयी तर लिहायलाच नको, बराकीत ते रोज बोलले जाते.

लांब रूट मार्च संपला की पायांची तपासणी असते. बहुतेक वेळा ‘सब ठीक?’ ‘ठीक है साहेब’ एवढ्यावर ती उरकते. एका लेफ्टनंट साहेबांनी पहिल्याच मार्चनंतर टॉर्च घेऊन, गुडघ्यावर बसून, एकेकाचा मोजा उतरवायला लावला. तिसऱ्या सेक्शनमधल्या एका पोराची टाच सोललेली होती आणि मोजा रक्ताने चिकटला होता. पाण्याने भिजवून त्यांनी तो स्वतः सोडवला. त्यांचे स्वतःचे बूट तेव्हा अजून पायात होते आणि त्या रात्री ते जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसले. डेहराडूनच्या अकादमीतल्या चेटवूड हॉलमधली ‘देश आधी, मग तुमची माणसे, सर्वांत शेवटी तुम्ही’ ही शिकवण पोरांनी वाचलेली नसते, पण कसोटी ते हीच लावतात.

प्रत्यक्ष लढाईतल्या वागण्याविषयी मी काय सांगावे? एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावर सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे जखमी असूनही सुरुंग आणि अडथळे काढत राहिले. ते शिपायापासून वर चढलेले अधिकारी होते. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक कमांडिंग ऑफिसर असूनही १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात आपल्या माणसांसह चकमकीत उतरले आणि तिथेच धारातीर्थी पडले. मात्र जिथे गरज नाही तिथे केवळ पदकासाठी पोरांना पुढे काढणारा साहेब पलटण लगेच ओळखते आणि त्याला घाबरते.

काम फसले तर कमांडिंग ऑफिसरांसमोर ‘माझी चूक’ म्हणावे. काम जमले तर ज्याने केले त्याचे नाव घ्यावे, तेही अचूक आणि लष्करी नंबरासह.

बदली झाली की बडा खाना, म्हणजे सगळ्यांचे एकत्र जेवण, होईल, फोटो निघतील, भेटवस्तू मिळेल. त्या गडबडीत ती वही ट्रंकेत टाकू नका. येणाऱ्या अधिकाऱ्याला शेजारी बसवून कोणाचा रजेचा अर्ज अडला आहे, कोणाचा कोर्स राहिला आहे आणि कोणाच्या घरून महिनाभर फोन आलेला नाही, हे पानोपान सांगा, आणि मगच गाडीत बसा.