पासिंग संपलेली मोटार रीतसर भंगारात काढताना

खासगी मोटारीची नोंदणी पहिली 15 वर्षे चालते आणि पुढे दर 5 वर्षांनी आरटीओच्या निरीक्षकासमोर गाडी उभी करून ती नव्याने करून घ्यावी लागते. बोलताना आपण याला पासिंग किंवा री-पासिंग म्हणतो. ही तारीख हुकलेल्या कितीतरी गाड्या सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली, टायर बसून रिम जमिनीला टेकलेल्या अवस्थेत उभ्या असतात. मालकाच्या दृष्टीने त्या कधीच संपलेल्या असल्या, तरी सरकारदरबारी त्या अजून त्याच्याच नावावर असतात. गाडी तोडायला एक दिवस पुरतो, नाव उतरवायला मात्र आधीची तयारी लागते.

गाडी 15 वर्षांची झाली म्हणजे ती भंगारात काढलीच पाहिजे, असा सर्वसाधारण नियम नाही. तपासणीत उतरली तर ती पुढे चालवता येते, मात्र खर्चाचा हिशेब आधी मांडावा. 1 एप्रिल 2022 पासून 15 ते 20 वर्षांच्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क 5,000 रुपये आहे आणि उशिराबद्दल दरमहा 500 रुपये वेगळे, म्हणजे दोन वर्षे नुसत्या उभ्या राहिलेल्या गाडीवर विलंबाचेच 12,000 रुपये चढतात. त्यात महाराष्ट्रातला पर्यावरण कर, विमा, टायर, बॅटरी आणि पत्र्याचे काम मिळवल्यावर बहुतेकांचा निर्णय आपोआप होतो. तो लांबणीवर टाकू नये, कारण 1 एप्रिल 2025 पासून लागू झालेल्या नियमांनुसार गाडीचे आयुष्य कायद्याच्या दृष्टीने संपल्यावर 180 दिवसांत ती अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रात जमा करणे ही मालकाची जबाबदारी आहे, आणि नोंदणीची मुदत संपून ती नवी न केलेली गाडी या व्याख्येत बसते.

गल्लीतल्या भंगारवाल्याला रोखीने गाडी देण्याचा मोह अनेकांना होतो. तो कदाचित दोन पैसे जास्तही देईल, पण आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, तुमच्या नावावर तशीच राहील. चोरीच्या गाडीवर भंगारातल्या गाडीचा चेसिस नंबर आणि नंबरप्लेट चढवण्याचा उद्योग जुना आहे, आणि अशी गाडी कुठे सापडली तर पोलीस नोंदीतल्या मालकाच्या दारात येतात. म्हणून गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्यावी. गाडीची नोंदणी कोणत्याही राज्यातली असली तरी देशातल्या कोणत्याही अशा केंद्रात ती जमा करता येते.

अर्ज ‘वाहन’ या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन होतो आणि केंद्रातले लोकही तो भरून देतात. अर्ज पुढे सरकण्यापूर्वी गाडीवर कर्जाचा बोजा, थकीत रक्कम, गुन्ह्याची नोंद किंवा आरटीओची काळी यादी यांपैकी काही आहे का, हे प्रणाली स्वतः तपासते आणि एकही गोष्ट आढळली तर अर्ज तिथेच अडतो. सर्वांत जास्त अडते ते बोजाशी. कर्ज दहा वर्षांपूर्वी फिटलेले असते, बँकेचे ना-हरकत पत्रही कपाटातल्या फायलीत असते, पण ते आरटीओत नेऊन बोजा उतरवून घ्यायचे राहून गेलेले असते. आरसी उघडून बँकेचे नाव दिसते का ते आजच पाहावे. दिसत असेल तर बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 आणि बँकेचे पत्र देऊन ते आधी काढून घ्यावे. पत्राची मुदत गेली असेल किंवा दरम्यान बँकेचे विलीनीकरण झाले असेल, तर नवे पत्र मिळवण्यातच बराच वेळ जातो. ई-चलनाची थकबाकीही त्याच बैठकीत तपासून भरावी.

कागदांमध्ये मूळ आरसी, आधार, पॅन आणि पैसे जमा होण्यासाठी रद्द केलेला धनादेश लागतो. गाडी दिवंगत वडिलांच्या नावावर असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद जोडावे लागतात. भावंडांची संमती आधी लेखी घेतलेली बरी.

मुदत संपलेली गाडी स्वतः चालवत केंद्रापर्यंत नेऊ नये, अंतर चार किलोमीटरचे असले तरी. नोंदणी आणि विमा नसताना वाटेत अपघात झाला तर भरपाई खिशातून द्यावी लागते. टोइंगचा खर्च कोण करणार हे केंद्राशी भाव ठरवतानाच बोलून घ्यावे. भाव साधारणपणे गाडीच्या वजनावर ठरतो आणि रिकाम्या गाडीचे वजन आरसीवर छापलेले असते, त्यामुळे अंदाज घरबसल्या येतो. बॅटरी किंवा सायलेन्सरच्या नळीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आधीच काढून विकला असेल तर भाव पडतो. या कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम असते, आणि गॅरेजवाल्यांना ते चांगले ठाऊक असते. सीएनजीची टाकी असल्यास तसे आधी सांगावे. काचेवरचा फास्टॅग संबंधित बँकेकडून बंद करून घ्यावा. विमा चालू असेल तर नो क्लेम बोनसचे, म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीचे, पत्र मागावे, कारण तो बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो आणि नव्या मोटारीला वापरता येतो; मात्र विमा संपून 90 दिवस उलटले असतील तर तो बुडालेला असतो.

गाडी ताब्यात घेतल्यावर केंद्र ती जमा झाल्याचे ‘ठेव प्रमाणपत्र’ देते. नवी मोटार घेताना ते दाखवले की नोंदणी शुल्क माफ होते. खासगी मोटारीच्या करात 25 टक्क्यांपर्यंत सूट देण्याची मुभा केंद्र सरकारच्या नियमांत आहे, पण प्रत्यक्ष सूट राज्यागणिक बदलते. नवी गाडी घ्यायची नसेल तर हे प्रमाणपत्र दुसऱ्याच्या नावे करता येते, तेव्हा ते मुदतीच्या आत वापरावे किंवा विकावे. पुढे द्रव पदार्थ आणि गॅस काढून गाडी तोडली जाते, चेसिस नंबरचा तुकडा कापून वेगळा ठेवला जातो आणि वाहन तोडल्याचे दुसरे प्रमाणपत्र निघते. या दोन्हींची गल्लत होऊ देऊ नये, कारण पहिले फक्त गाडी जमा केल्याचा पुरावा आहे. दुसरे हाती आल्यावर काही दिवसांनी एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक टाकून पाहावा. तिथे नोंदणी रद्द झाल्याचे दिसत नसेल, तर दोन्ही प्रमाणपत्रांच्या प्रती जोडून नोंदणी झालेल्या आरटीओकडे लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी.