या चुका टाळा: खचलेल्या शेतकऱ्याला सावरताना

"कोल्हापूरला काय कमी आहे? पाणी आहे, कारखाने आहेत, शेतकऱ्यानं जीव देणं वगैरे तिकडं, विदर्भ-मराठवाड्यात होतं." पहिली चूक इथंच होते. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. तोवरचा खर्च सोसायटीच्या कर्जावर, दुकानाच्या उधारीवर आणि फायनान्सच्या हप्त्यावर चालतो. त्यात २०१९ आणि २०२१ सारखा महापूर आला की शिरोळ-करवीरचा नदीकाठ पाण्याखाली जातो. बाहेरून घर सुखी दिसतं आणि गावातली पत सांभाळायची म्हणून गडी तोंड उघडत नाही.

खुणा साध्याच असतात. डेअरीला दूध घालायला स्वतः जायचं टाळतो, पोराला पाठवतो. पहाटे तीनला जागा होतो. सोसायटीचं नवं-जुनं (जुनं कर्ज भरून नवं उचलणं) करायची वेळ आली तरी फिरकत नाही. "माझ्यामागं तुमचं बरं चालेल" असं बोलून जातो. अनेक दिवस घुसमटलेला माणूस अचानक शांत झाला, उधाऱ्या मिटवायला, कागदपत्रं समजावून द्यायला लागला, तर घरचे "सुधारला" म्हणून निर्धास्त होतात. तेव्हाच जास्त जपायला हवं.

थेट न विचारणं

विचारलं तर डोक्यात नसलेलं भरवलं जाईल, अशी भीती असते. तसं होत नाही; उलट बहुतेकांना कुणीतरी विचारल्याचा हलकेपणा वाटतो. चार लोकांत नको. बांधावर, दोघंच असताना, सरळ शब्दांत: "दाजी, झोप नाही म्हणताय. जीव द्यायचा विचार येतोय का?" मग गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागतो. "होय" आलं तर पुढचं विचारा: कसं, कधी ते ठरवलंय का? त्यासाठीची वस्तू हाताशी आहे का? दोन्हीला होकार असेल तर त्या रात्री माणसाला एकटं सोडायचं नाही, सोबत कोण झोपणार हे नाव घेऊन ठरवायचं. "कुणाला सांगणार नाही" असं वचन मात्र देऊ नका. शेजारी बसूनच १४४१६ या टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर फोन लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. धोका अगदी समोर दिसत असेल तर थेट १०८ किंवा ११२.

"पोराबाळांकडं बघ", "गडी माणूस आहेस की" हे सांगणाऱ्याला धीराचं वाटतं, ऐकणाऱ्याला आणखी एक आरोप. दारू पाजून मन हलकं करायचा बेत तर सपशेल उलटा पडतो, कारण नशेत आवर सुटतो.

फवारणीचं औषध घरात ठेवणं

हातात एकच काम घ्यायचं असेल तर हे औषध लांब करायचं घ्या. जीव द्यायची तीव्र ऊर्मी बऱ्याचदा काही मिनिटं किंवा काही तास टिकते. तेवढा वेळ विषारी वस्तू लांब असली तर माणूस वाचू शकतो. श्रीलंकेनं १९९० च्या दशकात सर्वांत जहाल कीटकनाशकांवर बंदी आणली आणि २००५ पर्यंत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं.

फवारणीला लागतं तेवढंच, शक्यतो त्याच दिवशी आणा. उरलेलं पत्र्याच्या पेटीत, कुलूप लावून. चावी दुसऱ्याच्या कमरेला. माळ्यावर, गोठ्यात लपवून उपयोग नाही, घरच्या माणसाला सगळ्या जागा पाठ असतात. घरात कुणी खचलेलं असेल तर तणनाशक आणि उंदराच्या औषधासकट सगळं भावकीतल्या दुसऱ्या घरी हलवा. पाण्याच्या बाटलीत औषध ओतून ठेवण्याची सवय तर कायमची मोडा.

विष पोटात गेल्यावरची घाई

मिठाचं पाणी पाजून ओकारी काढणं, दूध-तूप पाजणं, दोन्ही घातक. ओकारी फुप्फुसात जाऊ शकते. १०८ ला फोन करा. भिजलेले कपडे काढा, अंग साबणानं धुवा, धुताना हातात मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घाला. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर ठेवा. लेबलासकट बाटली सोबत न्या. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर सल्ला देतं, पण त्यासाठी गाडी थांबवू नका.

पोलीस केसच्या भीतीनं डॉक्टरांना "चुकून प्यायला" सांगितलं जातं. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार जीव द्यायचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरतात. आणि असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं दंड संहितेतलं जुनं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहिलेलंच नाही. खरं सांगा. दुसऱ्या दिवशी पेशंट बोलायला लागला म्हणून सही करून घरी आणू नका. काही कीटकनाशकांत पहिल्या एक ते चार दिवसांत श्वासाचे स्नायू ढिले पडतात.

घरी आल्यावर

दवाखान्यातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत जोखमीचे. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागाची पुढची तारीख हातात घेऊनच बाहेर पडा आणि सोबत कोण जाणार ते ठरवा. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार, कधी सहा आठवडे लागतात. आठवड्यात फरक नाही म्हणून बंद करणं, किंवा बरं वाटलं म्हणून बंद करणं, दोन्ही चूकच. गोळ्यांचं पाकीटही घरच्यांच्या ताब्यात हवं.

कर्जाचा विषय "बरा झाल्यावर बघू" म्हणून झाकू नका, पण सगळे हिशेब एका बैठकीत त्याच्यापुढं मांडूही नका. दुसऱ्या कुणी यादी करावी: सोसायटी, बँक, दुकान, सावकार वेगवेगळे. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) मिळाली नसेल, तर ऊस नियंत्रण आदेश १९६६ नुसार वार्षिक १५ टक्के व्याज मागता येतं. सावकाराकडं परवाना आहे का ते बघा. नसेल किंवा जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडं अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.